डॉक्टरांची चिठ्ठी: दर वेळी तीच औषधे का येतात आणि तुम्ही काय पाहावे

घरात मागच्या वर्षभरातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या असतील, तर हा लेख वाचण्याआधी त्या काढा आणि शेजारी शेजारी ठेवा. एका चिठ्ठीवरून फारसे काही कळत नाही. त्या दिवशी रुग्णाची अवस्था कशी होती, डॉक्टरांना तपासताना काय आढळले, हे कागदावर नसते. पण पाच-सहा चिठ्ठ्या एकत्र पाहिल्या की डॉक्टरांची लिहिण्याची सवय दिसू लागते. प्रत्येक डॉक्टरला अशी सवय असते, मलाही आहे. प्रश्न एवढाच की ती सवय तुमच्या आजाराप्रमाणे बदलते की आजार कोणताही असो, चिठ्ठी तीच राहते.

जागतिक आरोग्य संघटनेने ही सवय मोजायची एक साधी पद्धत १९९३ साली ठरवून दिली. एखाद्या दवाखान्यातल्या चिठ्ठ्या घ्यायच्या आणि पाहायचे: एका भेटीत सरासरी किती औषधे लिहिली, शंभरातल्या किती रुग्णांना अँटिबायोटिक दिले, किती जणांना सुई दिली, किती औषधे मूळ नावाने लिहिली आणि किती औषधे आवश्यक औषधांच्या यादीतली आहेत. नंतर त्यासाठी जे आदर्श आकडे वापरात आले, त्यानुसार एका भेटीत सरासरी दोनपेक्षा कमी औषधे, शंभरात साधारण २० ते २७ जणांना अँटिबायोटिक आणि १३ ते २४ जणांना इंजेक्शन हे प्रमाण ठीक मानतात. भारताच्या आवश्यक औषधांच्या २०२२ च्या राष्ट्रीय यादीत ३८४ औषधे आहेत. मोठ्या रुग्णालयांपर्यंतची बहुतेक गरज तेवढ्यात भागते.

हे आकडे संपूर्ण दवाखान्याचे आहेत, एकेका रुग्णाचे नाहीत. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार असलेल्या तुमच्या आजोबांच्या चिठ्ठीत सहा औषधे असतील तर ती सहाही गरजेची असू शकतात. मात्र पंचविशीतल्या धडधाकट मुलाला सर्दी झाली आणि चिठ्ठीत सहा औषधे आली, तर तिथे थांबून विचारायला हवे.

सर्दी-तापाची नेहमीची चिठ्ठी

अमरावती किंवा अकोला जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी सर्दी, खोकला आणि अंगदुखी घेऊन गेलात तर मिळणारी चिठ्ठी साधारण अशी असते: सेफिक्झिम २००, सकाळ-संध्याकाळ. ॲसेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी. माँटेलुकास्ट आणि लेव्होसेटिरिझिन एकत्र असलेली, रात्री एक. पँटोप्राझोल आणि डोम्पेरिडोनची कॅप्सूल, उपाशीपोटी. बी-कॉम्प्लेक्स. शिवाय दवाखान्यातच एक सुई. कागदावर पाच ओळी दिसतात, पण आत मोजली तर आठ औषधे होतात, कारण तीन गोळ्यांत दोन-दोन औषधे आहेत आणि बी-कॉम्प्लेक्स वेगळे. सुईत काय होते ते बहुधा लिहिलेलेच नसते.

आता एकेक पाहू. साधी सर्दी विषाणूमुळे होते आणि सेफिक्झिम विषाणूवर काहीही करत नाही. ताप आणि अंगदुखीला नुसते पॅरासिटामॉल पुरते. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, गरज वाटली तरच, सहा तासांच्या अंतराने. दारूचे व्यसन किंवा यकृताचा आजार असेल तर त्याहूनही कमी, डॉक्टरांना विचारून. नाक गळत असेल तर लेव्होसेटिरिझिनने थोडा आराम पडतो. माँटेलुकास्ट दम्याचे आणि ॲलर्जीचे औषध आहे, साध्या सर्दीचे नाही. त्याने काही रुग्णांत, विशेषतः मुलांत, झोप बिघडणे, चिडचिड आणि उदासी असे त्रास होतात म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक प्रकारचा इशारा छापायला लावला. पँटोप्राझोल येते ते ॲसेक्लोफेनॅकमुळे जळजळ होऊ नये म्हणून. म्हणजे पहिली गोळी नको असती तर दुसरीही नको होती. बी-कॉम्प्लेक्सने नुकसान नाही, पण खिशाला चाट आहे.

उरले काय? पॅरासिटामॉल, हवी तर एक ॲलर्जीची गोळी, कोमट पाणी, दोन दिवस विश्रांती आणि "श्वास लागला, ताप तीन दिवसांहून जास्त राहिला किंवा जेवणपाणी बंद झाले तर परत या" हा सल्ला. हा सल्ला चिठ्ठीवर लिहिलेला असेल तर तो डॉक्टर चांगला, असे माझे मत आहे. पाच औषधे लिहायला अर्धा मिनिट लागतो. परत कधी यायचे हे समजावून सांगायला त्याहून जास्त वेळ द्यावा लागतो.

डॉक्टर असे का लिहितात

सगळा दोष डॉक्टरच्या माथी मारून चालणार नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी अकोट, दर्यापूर किंवा मूर्तिजापूरच्या दवाखान्यात डोकावून पाहा. दीडशे रुग्ण रांगेत असतात, त्यातले निम्मे वीस-तीस किलोमीटरवरून मजुरी बुडवून आलेले. त्यांना "दोन दिवसांनी पुन्हा दाखवा" म्हणणे म्हणजे आणखी एका दिवसाची मजुरी बुडवणे. मग डॉक्टर सगळ्या शक्यतांवर एकदमच औषध देऊन टाकतो. वरून मागणी असते ती वेगळीच: "सुई देऊन द्या ना साहेब, उद्या वावरात जा लागते." नाही दिली तर तोच रुग्ण समोरच्या दवाखान्यात जातो आणि तिथे त्याला सुई मिळते. फी जर औषधांतच धरलेली असेल, तर नुसते तपासून सल्ला दिला की रुग्णाला वाटते, फुकटच पैसे घेतले.

औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींचा भागही आहेच. डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटवस्तू आणि सहली घेऊ नयेत असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २००९ मध्ये केला. कंपन्यांनी त्या देऊ नयेत अशी संहिता केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये आणली. मूळ नावाने लिहिण्याबाबतही २०१६ पासून नियम आहे. तो सक्तीचा आणि दंडाचा करण्याचा प्रयत्न राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये केला आणि विरोध झाल्यावर त्याच महिन्यात तो स्थगितही झाला.

हे दुखणे जुने आहे. डॉ. अनंत फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात सातारा जिल्ह्यात औषधांचा पुरवठा आणि वापर या दोन्हींचा अभ्यास केला होता. गरजेच्या औषधांची सरकारी केंद्रांत टंचाई आणि त्याच वेळी अनावश्यक औषधांवर खर्च, असे उलटे चित्र त्यांनी महाराष्ट्रापुढे मांडले. इतक्या वर्षांनी औषधांची नावे बदलली आहेत, चिठ्ठीचा साचा फारसा बदललेला नाही.

सुई आणि सलाईन

सुईने गुण लवकर येतो हे खरे आहे का? काही वेळा हो. पण अनेकदा तो गुण डेक्सामेथासोनचा असतो. हे स्टेरॉइड आहे. ताप उतरतो, अंगदुखी थांबते, भूक लागते, माणूस दुसऱ्या दिवशी कामाला जातो. आजार मात्र आत तसाच चालू असतो. क्षयरोग असेल तर तो झाकला जातो, साखर असेल तर ती अडीचशे-तीनशेवर जाते, आणि महिन्यातून दोन-तीनदा अशा सुया घेत राहिले तर शरीराची स्वतःची स्टेरॉइड तयार करण्याची क्रिया मंदावते. दम्याचा जोराचा झटका किंवा गंभीर ॲलर्जी यांत स्टेरॉइडच जीव वाचवते. म्हणून "स्टेरॉइड वाईट" असे म्हणू नका. "मला दिले ते स्टेरॉइड होते का, आणि कशासाठी?" असे विचारा.

सलाईनचा हिशेब सोपा आहे. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असते. ग्लुकोजच्या पाच टक्क्यांच्या बाटलीत पाणी आणि पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे साधारण पाच चमचे. त्यात जीवनसत्त्वाचे इंजेक्शन टाकले की रंग पिवळा होतो आणि गावात "पिवळी सलाईन" ताकदीची म्हणून ओळखली जाते. ज्याला तोंडाने पाणी पिता येते, उलट्या होत नाहीत, त्याला या बाटलीतून मिळणारी ताकद लिंबू-साखर-मिठाच्या पाण्यातूनही मिळते. सतत उलट्या, जुलाबाने गळून जाणे, उष्माघात, डेंग्यूत रक्तदाब खाली येणे, अशा वेळी मात्र सलाईनला पर्याय नाही आणि तेव्हा "सलाईन नको" म्हणून हट्ट करू नये.

सुईचा आणखी एक धोका स्वच्छतेचा. २००९ साली गुजरातमधल्या मोडासा भागात कावीळ ब ची मोठी साथ आली आणि तिचा माग काढल्यावर दवाखान्यांतल्या पुन्हा वापरलेल्या सुया-सिरिंजपर्यंत पोचला. तुमच्यासमोर नवे पाकीट फोडले जाते का, एवढे पाहा. मोठ्या बाटलीतून औषध काढत असतील तर त्यातही नवीच सुई गेली पाहिजे.

वऱ्हाडातला ताप आणि अँटिबायोटिक

पावसाळ्यानंतर आपल्याकडे ताप म्हणजे एकच आजार नसतो. डेंग्यू, चिकुनगुनिया, मलेरिया (मेळघाटात विशेषतः), विषमज्वर म्हणजे मुदतीचा ताप, आणि स्क्रब टायफस. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात विदर्भात स्क्रब टायफसचे बरेच रुग्ण सापडले आणि अनेक कुटुंबांनी हे नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकले. गवतातल्या, झुडपातल्या बारीक किड्याच्या चावण्याने तो होतो. चावलेल्या जागी, काखेत, जांघेत किंवा कमरेच्या पट्ट्याखाली काळी खपली पडते आणि ती दुखत नसल्यामुळे कोणी दाखवत नाही. त्यावर डॉक्सिसायक्लिन हे जुने, स्वस्त औषध चांगले लागू पडते. सेफिक्झिम लागू पडत नाही.

इथे सवयीची चिठ्ठी महागात पडते. प्रत्येक तापाला सेफिक्झिम देणाऱ्या दवाखान्यात स्क्रब टायफसचा रुग्ण पाच दिवस चुकीच्या औषधावर राहतो आणि तोवर फुफ्फुसे, मूत्रपिंडे यांवर परिणाम सुरू होतो. म्हणजे अडचण फक्त जास्त अँटिबायोटिक देण्याची नाही, चुकीच्या वेळी चुकीचे देण्याचीही आहे. शेतात काम केले असेल आणि ताप तीन-चार दिवसांत उतरला नसेल, तर कपडे काढून खपली शोधा आणि डॉक्टरांना दाखवा.

विषमज्वराबाबत एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. "विडाल पॉझिटिव्ह आली" म्हणून पाच दिवस सलाईनमधून सेफ्ट्रायाक्झोन घेतलेले कितीतरी रुग्ण मी पाहतो. आपल्या भागात पूर्वी कधीतरी जंतूशी संबंध आलेल्या माणसाची विडाल दुसऱ्याच तापातही पॉझिटिव्ह येऊ शकते. एकट्या विडालवरून विषमज्वर नक्की होत नाही. खात्री करायची तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचे कल्चर करावे लागते. ते तालुक्याला होत नसेल तर अमरावती किंवा अकोल्याला नमुना पाठवता येतो का, हे विचारा.

अनेक अँटिबायोटिक्सच्या पाकिटावर लाल रेघ किंवा लाल चौकट असते. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ या अनुसूचीतली औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि दुकानदाराला रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे ठेवावी लागते. तुम्ही मागितले आणि दुकानदाराने सहज काढून दिले, तर त्यात तुमची सोय झाली असे समजू नका.

वेदनाशामक, ऊन आणि मूत्रपिंड

या लेखातले एकच लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा.

आपल्या भागात सर्वांत जास्त खाल्ली जाणारी आणि सर्वांत कमी मोजली जाणारी औषधे म्हणजे डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक, निमेसुलाइड, आयब्युप्रोफेन. गुडघे दुखतात, कंबर दुखते, कापूस वेचून बोटे आखडतात, म्हणून ही गोळी रोजची होते. किराणा दुकानातही मिळते. मूत्रपिंडात रक्त नेणारी वाहिनी मोकळी ठेवण्यासाठी शरीर काही द्रव्ये तयार करते आणि ही औषधे तीच द्रव्ये बंद पाडतात. तब्येत ठणठणीत असताना दोन-तीन दिवस घेतली तर बहुतेकांचे निभावते. अंगातले पाणी कमी झालेले असेल तर निभावत नाही, कारण तेव्हा मूत्रपिंड त्या द्रव्यांच्याच आधारावर चाललेले असते.

आता मे महिना डोळ्यासमोर आणा. अकोल्यात पारा ४५ च्या वर, माणूस सकाळपासून वावरात, प्यायला न्यावे लागणारे पाणी संपलेले, लघवी पिवळीधमक. संध्याकाळी अंग दुखते म्हणून एक गोळी आणि सुई. त्यात तो रक्तदाबाची टेल्मिसार्टन घेत असेल, आणि तीही लघवीच्या औषधासोबतची, म्हणजे नावापुढे "एच" असलेली, तर मूत्रपिंडावर तीन बाजूंनी दाब येतो: लघवीच्या औषधाने पाणी कमी, टेल्मिसार्टनने बाहेर जाणारी वाहिनी सैल, वेदनाशामकाने आत येणारी वाहिनी आवळलेली. तीन औषधे तीन वेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेली असतात. प्रत्येक चिठ्ठी स्वतंत्रपणे बरोबर दिसते.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे तेल्हारा, अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर, दर्यापूर, भातकुली या पट्ट्यात, मूत्रपिंडाचा आजार झाला की लोक पहिला दोष विहिरीच्या खाऱ्या पाण्याला देतात. पाण्याची तक्रार खरी आहे आणि गोड्या पाण्याची मागणीही रास्त आहे. पण माझ्यासमोर बसलेल्या रुग्णाला मी आधी साखर, रक्तदाब आणि गोळ्या विचारतो. "रोज एक दुखण्याची" हे उत्तर पुन्हा पुन्हा येते. खारे पाणी नको वाटून कमी पाणी पिणे आणि वर वेदनाशामक घेणे, हे दोन्ही एकत्र आले तर नुकसान वाढते.

काय करावे? गुडघेदुखीला आधी पॅरासिटामॉल, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजन कमी करणे आणि वरून लावायचे डायक्लोफेनॅक जेल, ज्याचा फार थोडा भाग रक्तात जातो. वेदनाशामक गोळी घ्यावीच लागली तर मोजक्या दिवसांची, पोटात अन्न असताना, पाणी भरपूर पिऊन. साठी ओलांडलेली असेल, साखर किंवा रक्तदाब असेल, तर गोळी सुरू करण्याआधी क्रिएटिनिनची तपासणी करून घ्या. उलट्या-जुलाब होत असताना किंवा ऊन लागल्यावर रक्तदाबाची, लघवीची आणि मेटफॉर्मिनची गोळी चालू ठेवायची की एक-दोन दिवस थांबवायची, हे डॉक्टरांना फोन करून विचारा. लघवी कमी होणे, पायांवर सूज, डांबरासारखी काळी शौच यांपैकी काही दिसले तर गोळी तिथेच बंद करा आणि त्याच दिवशी दाखवा. डेंग्यूची शंका असलेल्या तापात पॅरासिटामॉलखेरीज दुसरे वेदनाशामक घेऊच नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. बारा वर्षांखालच्या मुलांना निमेसुलाइड देण्यावर २०११ पासून बंदी आहे, तरी ते घरातल्या डब्यात असू शकते. तपासून पाहा.

गुडघेदुखीवर बाजारात विकली जाणारी बिननावाची चूर्णे आणि पुड्याही याच खात्यात धरा. त्यांत स्टेरॉइड किंवा डायक्लोफेनॅक कुटून घातलेले असू शकते. चेहरा गोल होतो, पोट सुटते, दंडावर सहज काळेनिळे डाग पडतात, आणि घरचे म्हणतात तब्येत सुधारली.

२०२१ ची चिठ्ठी

फेब्रुवारी २०२१ मध्ये कोविडची दुसरी लाट राज्यात पहिल्यांदा ठळक दिसली ती अमरावती आणि अकोल्यात. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपुरात पुन्हा टाळेबंदी लागली. त्या दिवसांतल्या चिठ्ठ्या कोणाकडे असतील तर पाहा: डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन, आयव्हरमेक्टिन, फॅव्हिपिराविर, झिंक, क आणि ड जीवनसत्त्व, आणि अनेकांना पहिल्या-दुसऱ्या दिवसापासूनच स्टेरॉइडच्या गोळ्या.

डेक्सामेथासोनने जीव वाचतात हे ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीने जून २०२० मध्येच दाखवले होते. पण ते ऑक्सिजनची गरज लागलेल्या रुग्णांत. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही, उलट नुकसानीची शक्यता दिसली. आयव्हरमेक्टिन चाचण्यांबाहेर वापरू नये असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये सांगितले. मधुमेह असलेल्या, घरीच स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांना पुढे काळ्या बुरशीने गाठले. त्या वेळी डॉक्टर घाबरलेले होते, रुग्ण घाबरलेले होते, खाटा नव्हत्या. तो काळ गेला, पण काही सवयी चिठ्ठीत राहून गेल्या. साध्या खोकल्याला अझिथ्रोमायसिन आणि तीन दिवस स्टेरॉइड हा जोड त्यातलाच.

मलम

थोडक्यात. जांघेतला, कमरेचा गजकर्ण उन्हाळ्यात आणि घामात वाढतो. त्यावर स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचे औषध एकत्र असलेली ट्यूब लावली की दोन दिवसांत खाज थांबते आणि नंतर तो दुप्पट पसरतो, कातडी पातळ होते. २०१८ पासून अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. एकमेकांची ट्यूब वापरू नका. नुसते बुरशीचे मलम, डॉक्टर सांगतील तितके आठवडे, आणि घरातल्या सगळ्यांना एकदमच तपासणे, एवढ्याने तो जातो.

पुडीतल्या गोळ्या आणि चार डॉक्टरांच्या चार चिठ्ठ्या

लहान गावातले अनेक डॉक्टर चिठ्ठी न देता स्वतःकडच्याच सुट्या गोळ्या पुडीत बांधून देतात. आपल्या रुग्णाला औषध देणे बेकायदा नाही, आणि रात्री दुकान बंद असताना ते उपकारकच आहे. पण पांढरी, गुलाबी आणि अर्धी पिवळी यांना नाव नसेल तर पुढच्या डॉक्टरला काहीच कळत नाही. रात्री अमरावतीच्या अपघात विभागात आणलेल्या बेशुद्ध आजीच्या पिशवीत नुसती पुडी निघाली, तर साखर उतरवणारी गोळी किती घेतली हे आम्ही कशावरून ओळखायचे? पुडीवर नावे लिहून मागा. चिठ्ठीवर डॉक्टरांचे नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक असायला हवा. तो कोणत्या परिषदेचा आहे, म्हणजे ॲलोपॅथी, आयुर्वेद की होमिओपॅथी, हे जाणून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे.

साखरेचा डॉक्टर अमरावतीला, हृदयाचा नागपूरला, हाडांचा अकोल्याला आणि तापाचा गावातच, असे असेल तर सहा महिन्यांतून एकदा घरातली सगळी औषधे एका पिशवीत भरून एकाच डॉक्टरसमोर ओता. ब्रँडची नावे वेगळी आणि आतले औषध एकच, असे निघते. पँटोप्राझोल दोनदा, ॲसेक्लोफेनॅक दोनदा, कधी ग्लिमेपिराइडसुद्धा दोनदा. श्रावणात, नवरात्रात किंवा रमजानात उपवास करणार असाल तर ग्लिमेपिराइडची गोष्ट आधीच काढा, उपाशीपोटी साखर एकदम खाली जाते.

विचारायचे कसे

"एवढी औषधे कशाला?" असे विचारले की डॉक्टर दुखावतो आणि संवाद तिथेच संपतो. त्यापेक्षा विचारा: "डॉक्टर, यातली सगळ्यात महत्त्वाची गोळी कोणती?" उत्तर देताना डॉक्टर स्वतःच औषधांची उतरंड लावतो आणि शेवटी "बाकीची नाही घेतली तरी चालेल" असे अनेकदा म्हणूनही जातो. दुसरा प्रश्न: "किती दिवसांत फरक पडायला पाहिजे, आणि नाही पडला तर काय?" तिसरे म्हणजे आत जाताच सांगा, "मी सुईसाठी आलो नाही, गोळीने होत असेल तर गोळीच द्या." रुग्णाला सुई हवीच असते असे डॉक्टर गृहीत धरून चाललेला असतो. हे एक वाक्य ऐकून कितीतरी डॉक्टरांना हायसे वाटते, मला तरी वाटते.

पैशाची अडचण असेल तर तीही सांगा. जनऔषधी दुकानात त्याच मूळ औषधाची स्वस्त गोळी मिळते. चिठ्ठीवर मूळ नाव लिहून घेतले तर दुकानात वाद होत नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि औषधोपचार मोफत आहेत. औषधाने पुरळ उठले, सूज आली किंवा दुसरा काही त्रास झाला तर तो तुम्ही स्वतःही कळवू शकता. राष्ट्रीय औषधसुरक्षा कार्यक्रमाचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे.

स्वतःहून थांबवू नका अशी औषधे

हे वाचून आज रात्रीच डबा रिकामा करू नका. रक्तदाब, साखर, थायरॉइड, फिट, हृदयाची आणि रक्त पातळ करणारी औषधे, मानसिक आजाराच्या गोळ्या आणि क्षयरोगाचे उपचार विचारल्याशिवाय बंद करायचे नसतात. दोन-तीन आठवड्यांहून जास्त काळ स्टेरॉइड घेतले असेल, मग ते गोळीतून असो, सुईतून असो की चूर्णातून, तर ते एकदम सोडल्याने रक्तदाब कोसळू शकतो. ते हळूहळू उतरवावे लागते आणि त्यासाठी डॉक्टरांना खरे सांगावे लागते, कुठून आणि किती दिवस घेतले तेही. चिठ्ठी हरवली असेल तर स्ट्रिपचा नाव छापलेला तुकडा शेवटची गोळी संपेपर्यंत कापू नका, आणि दवाखान्यात जाताना तोच सोबत न्या.